लुगडं नेसवलं त्या वर्षी

सेफ्टी पिन गंजली होती, पण टोक शाबूत — श्यामलाबाईंनी ती बटणांच्या डबीतून काढून बोटावर टेकवून पाहिली. अशा पंधरा पिना लागल्या होत्या तेव्हा... शाळेच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी नाटकातली मुलगी आजारी पडली, आणि सातवीतल्या प्रसेनजीतला त्यांनी स्वतःचं हिरवं लुगडं नेसवलं. त्याला सगळ्यांचे संवाद पाठ होते, एवढंच कारण.

सकाळी त्याची आई रूपाली गडमुडशिंगीहून आली होती. चहा निवला तरी कपाला हात नाही.

"बाई, पोरगं म्हणतंय, मला पोरी आवडत न्हाईत. पुण्यात एक पोरगा हाय म्हणं त्याचा. तुम्हीच नेसवलंसा की त्याला लुगडं. तवापास्नंच झालंय हे."

"त्याच्या आधी एका वर्षी गुंडूलाही नेसवलं होतं गं. तीन मुलांचा बाप आहे तो."

"गुंडूचं सांगू नगासा. त्यो लुगड्यात पण बिडी वडत हुता."

हसू आलं नाही कुणालाच.

"तुमचं ऐकतंय ते. चारला लावून देतो. सवय हाय, मोडती, म्हणून सांगा. त्याचा बा उंबऱ्यात घ्यायला तयार न्हाय."

ती गेल्यापासून बाई मनाने मागे मागे जात होत्या. वर्गात एखाद्या मुलाचं गणित चुकलं की त्या उत्तर खोडत नसत. एकेक पायरी वर चढत, नेमकं कुठे चुकलं ते त्यालाच शोधायला लावत. सातवी — लुगडं. पण पडदा पडताच त्याने ते ओरबाडून सोडलं होतं, मांड्यांना खाज सुटली म्हणून. सहावी, पाचवी... हे त्याला लागलेलं, कुणी लावलेलं, की जन्मापासून घेऊनच आलेलं? आणि चौथी. चौथीत सार्थक त्याच्या शेजारी बसायचा. सार्थकला उशीर झाला की हा बाकावरची त्याची जागा बाहीने पुसून ठेवायचा, आणि दाराकडे असा बघायचा की — बाईंना ते बघणं ओळखता आलं होतं. नऊ वर्षांच्या पोराला जे नाव ठाऊक नव्हतं, ते त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला शेवटच्या बाकावर पाठवलं. उंच झालायस, मागच्यांना फळा दिसत नाही. तो उंच नव्हता. दप्तर उचलून गेला... आणि त्यानंतर वर्षभर त्याने उत्तरासाठी हात वर केला नाही.

म्हणजे लुगड्याच्या तीन वर्षं आधी.

रूपालीला हे सांगावं? सांगितलं तर ती विचारेल — मग तवाच का न्हाई बोललासा? आणि सवय आहे, मोडते, हे त्याच्या तोंडावर म्हणायचं तर... एकदा तेच करून पाहिलं होतं की आपण.

फाटक वाजलं.

"बाई, आईनं पाठवलंय," तो बाहेरूनच म्हणाला. आवाजात नेहमीचा आदर.

"ये रे."

दिवसभर त्या त्याला काय सांगायचं ते जुळवत होत्या. आता तो वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या मनात एवढंच उरलं, की याने आपल्याला काही विचारू नये.