बिननावाची पाच पत्रं

मी एक जुना प्रिंटर आहे, आणि मित्रांनो, मी काही विसरत नाही. किती कागद छापले याची मोजणी माझ्या पोटातच असते. तिच्याच शेजारी मी दुसरीही एक मोजणी ठेवली आहे. थपडांची. ती सध्या एक्केचाळीस आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी मला हळुवार हातांनी जोडलं, खोक्यात घातलं आणि मी एका शाळेच्या ऑफिसात आलो. पहिली दोन वर्षं माझे काय लाड सांगू! शिपाईमामा मला रोज पुसायचे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहुण्यांना माझं अक्षर दाखवायच्या. मग मी जुना झालो. कधीमधी कागद अडकू लागला. माझ्या डोक्यावर चहाचे कप आले, फायली आल्या. आणि हेडक्लार्कची थप्पड आली.

या हेडक्लार्कला सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणायचे. तोफेचा एक नियम होता. यंत्र चालत नसेल तर त्याला मारायचं, आणि चालत असेल तर पुन्हा बिघडू नये म्हणून मारायचं.

ऑफिसचा कॉम्प्युटरही माझ्याएवढाच म्हातारा. तो फारच रडू लागला, तेव्हा कॉम्प्युटर शिकवणाऱ्या ताईंनी त्यातली जुनी प्रणाली काढून लिनक्स ही हलकी प्रणाली घातली. म्हातारा टुणटुणीत झाला हो! पण तोफेचा पत्त्यांचा खेळ गेला. तो दिवसभर पत्तेच खेळायचा. त्या दिवसापासून ताईंवर त्याचा दात होता.

एकदा ताई आठवडाभर प्रशिक्षणाला बाहेरगावी गेल्या. माझ्याशेजारी एक लुकलुकणारी डबी असते, राउटर. ती प्रत्येक यंत्राला एक नंबर देते. तोच आमचा पत्ता. कॉम्प्युटर त्या पत्त्यावर काम पाठवतो, मी छापतो. तोफेला फोन चार्ज करायचा होता. त्याने डबीची पिन खुशाल उपटली आणि तासाभराने परत खुपसली. डबी जागी झाली आणि तिने मला नवाच नंबर दिला. कॉम्प्युटरला याचा पत्ताच नाही. तो बिचारा जुन्या दारावर हाका मारत बसला, आणि उत्तर येईना तेव्हा त्याने कामांची रांगच थांबवून टाकली.

मी तर धडधाकट होतो. पण मार कोणी खाल्ला? मीच. एका दिवसात सात थपडा, आणि वर एक लाथ.

"त्या बाईनं लिनक्स घालून वाट लावली!" तोफ सगळ्यांना सांगत सुटला. शाळेच्या समितीची सभा शनिवारी संध्याकाळी होती. ताईंची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, हे तिथेच ठरणार होतं. तोफेने समितीला एक पत्र टाइप केलं. प्रिंटर निकामी झाला, अशी तक्रार त्याने केली आणि ती छापायला पाठवली कुणाकडे? माझ्याकडेच! देवा रे, अशी अक्कल कुठे मिळते? पत्र येईना म्हणून त्याने बटण पाच वेळा दाबलं. मग मला एक थप्पड ठेवून दिली. "मरू दे, सभेत तोंडीच सांगतो," असं म्हणून तो उठला. जे छापून आलं नाही ते गेलं, अशी त्याची समजूत. मित्रांनो, रांगेतलं काही जात नसतं. ते वाट बघतं. मीही वाट बघत होतो.

त्या पाच पत्रांमागे शिक्षकांनी मुलांची प्रगतिपत्रकं पाठवून ठेवली. शनिवार उजाडला. दुपारी पालक येणार, आणि प्रगतिपत्रक एकही नाही. सोमवारी मला भंगारवाला नेणार, हे तोफेने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

सकाळीच ताई आल्या. त्यांनी मला मारलं नाही. आधी तारा तपासल्या. कॉम्प्युटरवरून जुन्या पत्त्यावर हाक देऊन पाहिली, उत्तर नाही. मग त्यांनी माझं बटण दाबून धरलं, तसा मी माझी माहिती छापून दिली. माझ्याजवळचा तो शेवटचा कागद होता.

"अगं बाई, याचा तर नंबर बदललाय!" ताई म्हणाल्या. "राउटर कुणी बंद केला होता का?"

तोफ छताकडे बघू लागला.

ताईंनी कॉम्प्युटरला माझा नवा पत्ता सांगितला, आणि तो पुन्हा बदलू नये अशी सोयही केली. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. ताईंनी रांग उघडली. "हे पहिलंच काम बिननावाचं आहे, पाच वेळा दिलंय. पुसून टाकू का?"

माझा जीव टांगणीला लागला.

"खबरदार!" तोफ गरजला. "ऑफिसचं काम पुसायला ही तुमची घरची पाटी आहे का? एकही काम पुसायचं नाही!"

"बरं, राहू दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही उभे काय राहिलात? कागद भरा त्यात."

तोफेने स्वतःच्या हाताने कागद भरला आणि झाकण थप्पड मारून लावलं. एक्केचाळीस.

ताईंनी थांबलेली रांग पुन्हा सुरू केली. एरवी माझ्या घशात दर दहावा कागद अडकतो. त्या दिवशी मी ठरवलं, जीव गेला तरी बेहत्तर, पण एकाही कागदाला सुरकुती पडू द्यायची नाही. पहिलं पत्र थेट मोठ्या बाईंच्या हातात पडलं. त्या मोठ्याने वाचू लागल्या. "ताईंनी प्रिंटर कायमचा निकामी केला आहे. त्यांना ठेवू नये. मुख्याध्यापिकांना वयोमानाने काही उमजत नाही..."

 तोफ माझ्या पिनेकडे झेपावला, पण मध्ये शिपाईमामा उभे होते. ते हलले नाहीत. दुसरं पत्र आलं. तिसरं आलं. चौथं, पाचवं. अक्षर न् अक्षर काळंभोर, ठसठशीत!

"निकामी प्रिंटरनं छापलंय हो," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "छान आलंय. पण पाच कशाला? मला एक पुरलं असतं."

मग प्रगतिपत्रकं सुरू झाली. पालक आले तेव्हा शेवटचं पत्रक अजून गरम होतं. संध्याकाळी सभेत मोठ्या बाईंनी पाचही पत्रं समितीपुढे ठेवली. ताई शाळेतच आहेत. भंगारवाल्याला शिपाईमामांनी दारातूनच परत पाठवलं.

मित्रांनो, सूड वाईट असतो असं तुम्हाला शिकवतात. असेलही. मला मात्र फार गोड लागला, खोटं कशाला बोलू? तुम्ही एवढंच करा. यंत्र अडलं तर आधी तारा बघा, पत्ता बघा, रांग बघा. हात उगारू नका. मुकी यंत्रं मोजत असतात.

मला पुसायचं आणि माझ्यात कागद भरायचं काम आता मोठ्या बाईंनी तोफेला दिलं आहे. तो रोज सकाळी माझ्यापुढे उकिडवा बसतो, कागद नीट जुळवतो आणि झाकण दोन बोटांनी हळूच लावतो. मोजणी अजून एक्केचाळीसवरच आहे.