झाकलेला पाव

"परत बंद पडलं," असं म्हणत भिंगरीने अलार्मचं घड्याळ मास्तरांच्या टेबलावर ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर बसकण मारली.

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी हयात गेली होती आणि हे पोचे पडलेलं जुनाट यंत्र दर मंगळवारी त्यांच्या नाकावर टिच्चून बंद पडत होतं. हात चळायला लागले की काय, या शंकेने त्यांना मध्यंतरी झोपही नीट लागत नव्हती. एक बरं होतं, दुकानात आता गिऱ्हाईक असं फारसं कुणी फिरकत नसल्यामुळे ही नाचक्की पाहायला कुणी नव्हतं.

भिंगरीला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. घड्याळ उघडेपर्यंत ती शाळेतल्या भांडणांची साग्रसंगीत हकिगत सांगे, स्वतःच्या डब्यातली बिस्किटं पुढे सरकवून आपल्याला ती आवडत नाहीत म्हणे आणि आईची हाक येईपर्यंत हलत नसे. मूळ नाव चांगलं भारदस्त असूनही एका जागी पाय ठरत नाही म्हणून मास्तरांनीच तिला भिंगरी केलं होतं. तीच भिंगरी मंगळवारी तेवढी चिकटून बसे.

मास्तर हे नाव मुलांनी दिलेलं. यहुदी समाजात मुलगी बाराव्या वर्षी आणि मुलगा तेराव्या वर्षी आपल्या वागण्याला स्वतः जबाबदार धरला जातो. त्या दिवशी मूल प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर तोरा या धर्मग्रंथाचा भाग वाचतं. मुलीच्या या समारंभाला बात मित्झ्वा म्हणतात, मुलाच्या समारंभाला बार मित्झ्वा. वाचायला शिकवणारे दुसरे होते. वागायला शिकवण्याचं लोढणं मास्तरांच्या गळ्यात होतं आणि ते त्यांनी फार हौसेने बाळगलं होतं.

पहिल्या दिवशी ते मुलांसमोर एक पाव ठेवत आणि त्यावर कापड घालत. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो तेव्हा आधी द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणतात, पावाची पाळी नंतर येते. खरा मान पावाचा, म्हणून त्याला अपमान वाटू नये यासाठी तोवर तो झाकून ठेवायचा. पावाला कसली लाज, म्हणून मुलं हसायची. मास्तर त्यांना पोटभर हसू देत आणि मग विचारत, "पावाचं मन जपता, मग माणसाचं?"

यंदाच्या मुलांत भिंगरीही होती. त्यानंतर काम ठरे. प्रत्येकाने एक माणूस निवडायचा आणि समारंभापर्यंत आणि पुढेही त्याच्यासाठी काहीतरी करत राहायचं, पण त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. कळलं की ते काम तिथेच संपलं, मग दुसरा माणूस शोधायचा. एका पोराने शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायऱ्या गुपचूप झाडायला घेतल्या आणि चोर समजून मार खाल्ला, ती गोष्ट मास्तर दरवर्षी रंगवून सांगत.

आज त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग वाकलेली होती. आपोआप वाकावी अशी ती वाकली नव्हती. शेजारच्या पट्टीवर ताजे ओरखडे होते आणि चाकाच्या दात्यात निळ्या रंगाचा एक कपचा अडकला होता. त्यांनी मान वर केली. भिंगरी तावातावाने बोलत होती. तिच्या केसातल्या निळ्या पिनेचं टोक पांढरं पडलं होतं.

आधी त्यांना राग आला. चांगलं खडसावायला म्हणून तोंड उघडलं आणि बिस्किटाच्या डब्याकडे नजर जाताच ते तसंच उघडं राहिलं. कुणाकडे जायचं हे मुलांना सुचवताना ते अंधूक दिसणाऱ्या शिवणकामवाल्या मावशींचं नाव घेत, लकवा झालेल्या पोस्टमनचं घेत. आपलं नाव त्या माळेत बसतं हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, पण आपलं बरं चाललंय असं ते धरून चालले होते. भर बाजारात चप्पल तुटावी तसं त्यांना झालं.

"काय झालं?" भिंगरीने विचारलं. तिचा आवाज जरा चोरटा होता.

मास्तरांनी तो निळा कपचा चिमट्याने उचलून मुकाट्याने खाली टाकला. "जुनं यंत्र आहे. एका फेरीत भागणार नाही. पुढच्या मंगळवारी दाखव परत."

तिचा चेहरा खुलला. मास्तरांना मंगळवार हवा होता, हे त्यांनी त्या क्षणी स्वतःशी कबूल केलं.

समारंभाच्या दिवशी भिंगरी न अडखळता वाचून गेली. मग रिवाजाप्रमाणे मुलांनी आपापलं काम सांगायचं होतं, माणसाचं नाव न घेता. भिंगरी उभी राहिली. ते माणूस इथेच आहे, थोडं जरी सांगितलं तरी सगळ्यांना ओळखू येईल, म्हणून मी सांगणार नाही, एवढंच बोलून ती गप्प झाली. मागून कुणीतरी हसलं. काही केलंच नसेल, अशी कुजबुज झाली. तिची आई मान खाली घालून बसली आणि प्रार्थनाघराच्या अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं, पोरीने खरंच काही केलंय की नाही.

भिंगरी ओठ घट्ट मिटून उभी होती. चारचौघांत नापास व्हायला ती तयार होती. मास्तरांना तिचा फार अभिमान वाटला. गप्प बसलं तर मंगळवार राहील, हेही त्यांना कळत होतं. ते टेबलाचा आधार घेऊन उठले.

"केलंय तिने," ते म्हणाले. "मनापासून केलंय. मला माहीत आहे."

भिंगरीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसायला लागले.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी समोरच्या फुटपाथवरून जाताना दिसली. हातात पट्टा उसवलेली पिशवी होती आणि पाय शिवणकामवाल्या मावशींच्या गल्लीकडे वळले होते. दुकानासमोर येताच ती घुटमळली. मास्तरांनी चटकन भिंग डोळ्याला लावलं आणि टेबलावर वाकले. टेबलावर काहीही नव्हतं. पावलं दूर जाईपर्यंत ते तसेच वाकून राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी द्राक्षरस पेल्यात ओतला आणि पाव मांडला. बायको गेल्यापासून पाव झाकायचं त्यांनी सोडून दिलं होतं. एकट्याच्या टेबलावर कुणाचं मन जपायचं, असं त्यांना वाटे. आज ते उठले, शिकवण्याच्या थैलीतून कापड काढलं आणि पावावर घातलं. चारही कोपरे सावकाश सारखे केले आणि मग पेला उचलला.