अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचे अकरा दिवस

"दोनशे पानं झाली, अजून हिचं रडणं संपत नाही," हे खुर्चीत बसून पुटपुटले.

पुटपुटले म्हणजे त्यांच्या मते. चौतीस वर्षं लिफ्टच्या मोटारीशेजारी उभं राहून बोलणाऱ्या माणसाचं पुटपुटणं दोन खोल्यांत ऐकू येतं. मला ओट्याशी आलं, आणि आतल्या खोलीत लेकीलाही आलं असणार, कारण तिच्या कपाटाचं दार जरा जास्तच जोरात लागलं.

"हळू बोला की," मी बाहेर येऊन म्हटलं.

"पुस्तकातल्या बाईबद्दल बोलतोय मी."

"मला माहीत आहे. तिला माहीत आहे का?"

"तिचा काय संबंध? पुस्तक माझं, मत माझं." चष्मा वर सरकवला आणि पुन्हा पानात शिरले.

या पुस्तकांनी माझा जीव नकोसा केला होता.

हे लिफ्ट तपासणीस होते. शहरातल्या लिफ्ट वर्षातून एकदा तपासायच्या, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, आणि चालू ठेवायची की बंद करायची ते लिहून सही ठोकायची. कुणाच्या लग्नाला गेलो तरी हे आधी तिथल्या लिफ्टला कान लावून उभे. "आवाज ऐक कसा येतोय," असं म्हणून मला चार मजले जिन्याने चढवायचे. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, सुटले. कुठली सुटतेय! वर्षाच्या पहिल्या दिवशी यांनी जाहीर केलं की डिसेंबर संपायच्या आत पन्नास पुस्तकं वाचणार. घरात जाहीर केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. यांनी ते इमारतीच्या ग्रुपवर टाकलं.

या माणसाने आयुष्यात नियमावलीखेरीज काही वाचलेलं नाही. त्यामुळे मतंही त्याच तऱ्हेची. वहीत नोकरीतल्यासारखेच रकाने आखले: क्रमांक, तपासणीचा दिनांक, आढळलेले दोष, शेरा. एका समुद्रसफरीच्या पुस्तकापुढे लिहिलं होतं, "सुरुवातीस धक्का बसतो. मध्ये दोन वेळा अडकते. वापरण्यास योग्य." दर रविवारी सकाळी चहाबरोबर हा शेरा वाचून दाखवायचे. नुसतं ऐकून भागत नसे, त्यावर बोलावंही लागे. मी आठवडाभर दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांची नावं, वयं आणि तक्रारी लिहून घेते. रविवारी मला कुणाचीही तक्रार नको असते, बुडालेल्या कप्तानाची तर नाहीच नाही. मग वहीचा फोटो ग्रुपवर जायचा, आणि तळमजल्यावरचे केमिस्ट न चुकता शाबासकीचा अंगठा टाकायचे.

एकतीस पुस्तकं झाली आणि सप्टेंबरात लेक आली.

"चार दिवस आलेय," म्हणाली. एक बॅग, एक लॅपटॉप आणि काखेत स्वतःची उशी. चार दिवसांसाठी येणारं माणूस उशी घेऊन येत नाही, एवढं मला दारातच कळलं. यांनाही कळलं असणार, कारण त्यांनी तिच्या हातातून बॅग घेतली, पण उशीकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मग आम्ही तिघांनी मिळून, काहीच कळलं नसल्यासारखं वागायला सुरुवात केली.

चाराचे चाळीस झाले, चाळिसाचे ऐंशी. दोन बस बदलून ती ऑफिसला जायची. शेजारणींना मी सांगत होते, "तिच्या घरी रंगकाम चाललंय." इतके दिवस रंग द्यायला तो काय राजवाडा होता? पण कुणी तसं म्हणालं नाही, हे त्यांचे उपकारच. विहीणबाईंचा दर आठवड्याला फोन. "काय म्हणतेय आमची सून? उतरला का राग?" मी हसून म्हणायची, "राग कसला हो, कामाचा ताण आहे." लेकीला मात्र काही विचारलं नाही. प्रश्न ओठाशी आला, की नेमकं मला आत काहीतरी करपत असल्याची आठवण व्हायची.

यांचं तर आणखी सोपं. तोंडासमोर पुस्तक धरायचं.

त्याच सुमारास यांची पुस्तकं बदलली. जहाजं गेली, वाघ गेले, डोंगर गेले. मुखपृष्ठावर खिडकीत उभी असलेली बाई किंवा पाठमोरं जोडपं. शेरेही बदलले. "नायिका उतावळी. दोष." "शेवटी समजूत पटते. उत्तम." मला वाटलं, वयाने माणूस हळवा होतो, त्यातलं असेल.

नोव्हेंबरअखेर यांचा गुडघा सुजला, आणि ते दोनशे पानं रडणारं पंचेचाळिसावं पुस्तक परत करायला मला वाचनालयात जावं लागलं.

"तुम्ही लिफ्टवाल्या काकांच्या घरच्या ना?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"हो. दुसरं एखादं द्या, त्यांना आवडेल असं."

"त्यांना आवडेल असं आता माझ्याकडे उरलं नाही हो. चौदा दिली."

"चौदा कसली?"

"रुसून गेलेली बायको शेवटी घरी जाते, तसली. सप्टेंबरपासून तेवढीच नेतात. मला आधी शेवटचं पान बघायला लावतात. 'बाई, जाते ना परत? मग द्या.' मी म्हटलं, काका, शेवट आधीच कळला तर वाचायची मजा काय? तर म्हणाले, मला मजा नकोय, खात्री हवीय."

बाई हसत होत्या. मीही हसले. राग आला म्हणावं, तर मी तरी दुसरं काय करत होते? ते पुस्तकात शोधत होते, मी विहीणबाईंच्या फोनवर.

टेबलाच्या कडेला एक पातळ, निळं पुस्तक होतं. "आणि हे?"

"ते नका नेऊ. त्यात ती जात नाही. पहिल्यांदा माझ्या चुकीने दिलं गेलं, तर निम्म्यातून परत घेऊन आले. पुढच्या महिन्यात आपणहून मागून नेलं आणि परत निम्म्यातच आणून दिलं."

"हेच द्या," मी म्हटलं.

घरी त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "हे कशाला आणलंस?"

"दुसरं नव्हतं. आवडलं नाही तर गुडघा बरा झाल्यावर बदलून आणा."

गुडघा आठवडाभर बरा झाला नाही.

रविवारी चहा घेऊन बसलो. लेक अजून ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून बसली होती. यांनी वही उघडली, घसा साफ केला.

"क्रमांक सेहेचाळीस. नायिका घर सोडते व परत जात नाही. नवरा निर्व्यसनी, कमावता, हात उगारत नाही. घर सोडण्यास कारण अपुरे. गंभीर दोष."

"अपुरं कसं, बाबा?" लेकीने कप खाली ठेवला. हे पुस्तक तिने यांच्या आधीच, आठवड्यात संपवलं होतं. "तो तिच्याशी बोलत नाही."

"रागावतो माणूस. नाही बोलत दोन दिवस. मी नाही का रागावत?"

"तुम्ही रागावलात की सगळ्या इमारतीला कळतं. हा तसा नाही. ती समोर उभी असते आणि हा भिंतीकडे बघावं तसा तिच्यातून पलीकडे बघतो. मीठ हवं असलं तर कामवालीला सांगतो, आत सांग, मीठ दे म्हणून. ती समोरच बसलेली असते हो!"

"पण हात उगारतो का? नाही ना?"

"लिफ्ट पडली नाही, एवढ्यावर तुम्ही पास करायचात का, बाबा?"

यांनी चष्मा काढून पुसला. मला मनातून बरं वाटलं. चौतीस वर्षांत मोठमोठ्या इमारतींचे मालक हुज्जत घालायला आले, पण यांना असं कुणी गप्प केलं नव्हतं.

"आणि हे काही एकदा झालेलं नाही," लेक बोलत राहिली. तिचा आवाज आता पुस्तकावर बोलताना असतो तसा नव्हता. "प्रत्येक वेळी दिवस वाढत जातात. काय चुकलं तेही सांगत नाही, आपणच आठवत बसायचं. शेवटी तर बावीस दिवस. बावीस दिवस त्याने घरात एक शब्द..."

"अकरा," हे म्हणाले.

सवय. दुसरं काही नाही. आकडा चुकला की या माणसाला राहवतच नाही. बोट पानावर टेकवलंसुद्धा. "पान अठ्ठ्याऐंशी. अकरा दिवस लिहिलंय."

यांचं बोट पानावर तसंच राहिलं. ते पुस्तकाकडे असे बघत होते, जणू तिथे छापताना चूक झाली असेल, नीट बघितलं तर बावीस सापडतील. लेक खालमानेने टॉवेलचं टोक पिळत होती. नंतर मी ते पुस्तक वाचलं. त्यात मिठाचंही काही नाही.

तेव्हा, त्या क्षणी, कुणीतरी बोलायला हवं होतं. आई होते मी. मी काय म्हणाले?

"चहा गार झाला. परत करते."

आत गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्या रविवारी ग्रुपवर फोटो गेला नाही. केमिस्टनी विचारलं, "काका, या आठवड्यात सुट्टी का?" यांनी फोन उलटा करून ठेवला.

गुडघा बरा झाला, पण हे वाचनालयात गेले नाहीत. तेच निळं पुस्तक पहिल्या पानापासून परत काढलं. ते संपलं की पुन्हा तेच. मी वैतागले. "अहो, पन्नास कधी होणार? सगळ्या इमारतीला सांगून बसलात."

"दुसऱ्यांदा वाचलेलं मोजत नाहीत."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"मग दुसरं आणा!"

"हे अजून झालेलं नाही."

एकदा धूळ पुसताना मी वही उघडून बघितली. सेहेचाळिसाव्या पुस्तकापुढचा शेरा खोडलेला होता. पट्टी लावून, एका सरळ रेघेत, आणि खोडल्याची बाजूला छोटी सही. दिलेला शेरा मागे घेतल्याचं मी त्यांच्या अख्ख्या नोकरीत ऐकलं नव्हतं. त्यावरून वरिष्ठांशी भांडले, बदल्या झाल्या, पण शेरा बदलला नव्हता. आणि एवढं करून हा माणूस लेकीशी बोलला का? छे! वहीशी बोलला. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. आधी त्यांचं, मग माझं.

डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. "नव्या वर्षाला सून घरात हवी हो. रविवारी पाठवते त्याला न्यायला. तिला म्हणावं, आवरून ठेव."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

कपड्यांच्या घड्या करताना लेकीला सांगितलं, "रविवारी जावई येतायत."

"हं," ती म्हणाली, आणि शनिवारी तिने माळ्यावरून बॅग काढली. मला एकदम हलकं वाटलं. चला, मिटलं. मग तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की मी घड्या केलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसले.

जावई वेळेवर आला. हा माणूस कधीही उशीर करत नाही. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. मला वाकून नमस्कार, यांना नमस्कार. "बाबा, गुडघा कसा आहे? आई, तुमची तब्येत?" आवाज कसा, मधात बुडवलेला. लेक चहाचा ट्रे घेऊन आली, त्याच्यापुढे धरला. त्याने कप उचलला. ट्रेकडे बघितलं, कपाकडे बघितलं. वर बघितलं नाही.

रस्त्यातल्या खोदकामाबद्दल बोललो. थंडीबद्दल बोललो. फळं महाग झाल्याबद्दल बोललो. यांच्या मांडीवर ते निळं पुस्तक मिटलेलं होतं.

"पन्नास झाली का, बाबा?" जावयाने विचारलं. ग्रुपची बातमी तिकडेही पोचलेली.

"नाही. सेहेचाळीसच."

"होतील की, अजून तीन दिवस आहेत." मग कप ठेवून माझ्याकडे वळला. "आई, तिला विचारता का, आवरायला किती वेळ लागेल? रहदारी वाढायच्या आत निघालं तर बरं."

लेक त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

मी तोंड उघडलं. विचारणार होते, देवाशपथ, सवयीने तिला विचारणारच होते.

"ती तिथे उभी आहे," हे म्हणाले. "तिला विचारा."

जावई हसला. माझ्याकडे बघूनच हसला. "तसं नाही बाबा, आई सांगतील तिला."

यांनी त्याच्याकडे नीट, वेळ घेऊन बघितलं. बंद करायच्या लिफ्टकडे ते असेच बघायचे, दोन-दोनदा, शंका राहू नये म्हणून. मग गुडघ्यावर हात रेटून उठले. निळं पुस्तक खाली पडलं, ते उचललं नाही. लेकीसमोर जाऊन उभे राहिले, आणि या वेळी खरंच हळू आवाजात बोलले. इतक्या हळू, की मला पुढे झुकावं लागलं.

"माऊ, चार महिने झाले, तुला विचारलं नाही. चुकलंच माझं. आता विचारतो. तुला जायचंय का?"

लेकीने ट्रे टेबलावर ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "मला परत जायचं नाही. आज नाही, आणि नंतरही नाही."