पुसलेलं चाक

रोज सकाळी सात वाजता नम्रता तळावरच्या ट्रकांखाली शिरायची. सैन्याच्या पूरमदत तुकडीत ती मुलकी तंत्रसहायक होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन जेमतेम वर्ष झालेलं. टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, पांढऱ्या पावडरीची डबी आणि तपासणीचा तक्ता एवढंच तिचं सामान. तेलाची नुसती ओल दिसली तर तक्त्यावर एक रेघ, थेंब लोंबत असेल तर दोन, पडत असेल तर तीन. ब्रेकला मात्र ही सवलत नव्हती. तिथे ओल दिसली की लाल फुली आणि गाडी जागेवर उभी.

बाळा गोरिवलेच्या ट्रकापुढे पाच महिन्यांत एकही रेघ पडली नव्हती. बाळा मूळचा खेडजवळचा, हुद्द्याने नायक. दर पावसाळ्यात एक ट्रक बोटी घेऊन खेडला जाई आणि दोन महिने जगबुडी नदीकाठी राही. यंदा त्याची पाळी होती. अकरा वर्षांच्या नोकरीत प्रथमच घर हाकेच्या अंतरावर येणार होतं. निघायचं होतं उद्याच.

"काय गो बाय, आज पण कोरडाच ना?" बाळाने वाकून विचारलं.

"कोरडा आहे, दादा. जरा जास्तच."

"म्हणजे?"

"तीन चाकांच्या आतल्या बाजूला लाल माती आहे. मागच्या डाव्या चाकाला कणभरही नाही. एवढं एकच का पुसता?"

"इथे सगळेच पुसतात. पाहणीआधी फडकं मारायचं, ही रीतच आहे तुकडीची."

"मग बाकीची तीन?"

"तिथे माती चिकटून बसते गो. खाऱ्या हवेनं दव धरतं."

दव धरायचं तर चारही चाकांना धरलं असतं. नम्रता ते बोलली नाही. तिने चाकाची आतली बाजू कोरडी करून त्यावर पांढरी पावडर भुरभुरवली आणि म्हणाली, "आता वर बसून शंभर वेळा ब्रेक दाबा."

"शंभर? पायाला गोळे आणशील माझ्या!"

पण त्याने दाबले, मोठ्याने मोजत. साठाच्या आसपास पावडरीत एक बारीक काळपट रेघ उमटली आणि हळूहळू खाली सरकली.

नम्रताने ती ओल कागदावर टिपली, थोडी पाण्याच्या पेल्यात सोडली. अर्ध्या तासाने तिने कागद पुढे धरला.

"इंजिनचं ऑइल असतं तर पाण्यावर तरंगलं असतं. हे विरघळलं. आणि दव असतं तर एव्हाना कागद सुकला असता."

"ब्रेक ऑइल," बाळाच म्हणाला. "पण थेंब नाय ना पडला?"

"दादा, ब्रेकला..."

"माहीत हाय. मलाच शिकव." तो पायरीवर बसला. "सुटा भाग यायला चार दिवस. म्हणजे आता दुसऱ्या चालकाचा, संदेशचा ट्रक जाणार. घरी सांगून बसलोय गो मी. बायकोने शेजारपाजारी आमंत्रणं केलीत."

नम्रताच्या हातात पेन होतं. पाच महिने 'कोरडा' लिहून खाली सही तिचीच होती. खेडच्या वाटेवरचा घाट उतरताना या ट्रकात बोटी असणार होत्या आणि दहा माणसं. घाटाची वळणं बाळाला तोंडपाठ होती. त्याला त्यावर काही सांगायची गरज नव्हती.

"आण इकडे," म्हणत त्याने तक्ता ओढून घेतला आणि आपल्याच ट्रकापुढे लाल फुली मारली. "खाली लिही, चालक रोज पुसत होता."

"आणि तपासणाऱ्याने पाच महिने विचारलं नाही, हेही लिहिते."

"लिही. दोघंही बोलणी खाऊ."

दुसऱ्या दिवशी संदेशचा ट्रक फाटकाशी आला तेव्हा बाळा खिडकीला लोंबकळून त्याला सांगत होता, "घाटात गिअरवर उतर, ब्रेकवर बसू नको. ही पिशवी माझ्या घरी दे. आणि तासभर हाताशी ठेव. जेवल्याबिगर बायको तुला सोडायची नाय."

"आणि तुझं काय सांगू?"

"सांग, गाडी आजारी हाय. तिच्याजवळ बसलाय."

ट्रक निघून गेला. बाळाने बाह्या सारल्या आणि मागच्या डाव्या चाकाला जॅक लावला.