लाल पाण्याची बरणी

गावाचा हॉल कसला गच्च भरला होता म्हणून सांगू! खिडकीच्या फळीवर ओळीनं बरण्या, आणि एकूण एक हिरवीगार! पाच दिवसांपूर्वी हेच पाणी रक्तासारखं लाल होतं. बर्फ वितळून खडकात साचलेल्या डबक्यांच्या काठची वाळकी लाल खपली पॉलुसीबाबानं पाण्यात कालवली, जो तो आपापल्या बरणीत थुंकला, आणि बरण्या गेल्या उन्हात. सूर्य काय, उत्तर ध्रुवाजवळच्या या गावात उन्हाळाभर मावळत नव्हताच.

"बघा! आजार पाण्यानं ओढून घेतला, पाणी हिरवं पडलं!" पॉलुसी किंचाळला. "अहो, देव काय दवाखान्याच्या विमानातून येतो? तो आपल्याच डबक्यात बसलाय!"

म्हातारा नुताराक तर रडायलाच लागला. बरणीत थुंकला त्याच दिवशी त्यानं क्षयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आणि घरी दोन वर्षांची पणती रोज त्याच्याच कुशीत झोपायची!

उलायुक गर्दीतून पुढे आली. ती नुताराकची नात, शाळेत विज्ञान शिकवायची. पण तिला नाव ठेवलं होतं त्याच्या मेलेल्या आईचं, म्हणून रीतीप्रमाणे तो तिला आई म्हणायचा आणि ती त्याला लेका. पाच दिवस तिनं विनवण्या केल्या होत्या. त्याचं एकच, "गोळ्यावाल्यांनीच तुला जहाजात घालून दक्षिणेला नेलं, आई. आलीस का परत?"

त्याच्या खऱ्या आईला क्षय झाला तेव्हा असंच नेलं होतं, आणि ती तिकडेच वारली.

तिनं पिशवीतून दोन बरण्या काढल्या. दोन्ही हिरव्या. "पॉलुसीदादा, खपली तुमच्याच डबक्यातली. या बरणीत आमच्या कुत्र्याची लाळ आहे. त्यालाही क्षय होता का हो?"

हॉल खदखदून हसला.

"असेल! कुत्रीही आजारी पडतात!"

"बरं. आणि ही दुसरी? हिच्यात कुणीच थुंकलेलं नाही. मग आजार कुणाचा गेला? बरणीचा?"

पॉलुसीनं ती बरणी उचलून हलवून पाहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, बोल की आता!"

उलायुकनं शाळेचा मायक्रोस्कोप टेबलावर ठेवला. "लेका, ये. ही सुकी खपली. लाल गोळे दिसतात? हे जीव आहेत, शेवाळाचे. डबकं आटलं, ऊन भाजायला लागलं, की लाल होऊन गपगार पडून राहतात. नवं पाणी मिळालं की उठतात, हिरवे होतात. आता कुणी न थुंकलेल्या या बरणीतला थेंब बघ."

नुताराकनं डोळा लावला. "पोहतायत गं!"

"दरवर्षी पोहतात. तू थुंक, नाहीतर नको थुंकूस."

तो बराच वेळ वाकून होता. मध्येच खोकल्याची उबळ आली. हातरुमाल त्यानं पटकन मुठीत दाबला, पण तिनं रक्ताचा डाग पाहिला.

"आई, तू सांगतेस म्हणून मानू?"

हो म्हणाली असती तर काम तिथेच झालं असतं. पण ती म्हणाली, "नको. आई म्हणते म्हणून नको, पॉलुसी म्हणतो म्हणूनही नको. न थुंकलेली बरणी तुझ्यासमोर आहे. तूच ठरव. पाणी हिरवं झालं म्हणजे फक्त पाणी हिरवं झालं. छातीचं काय ते छाती तपासल्यावरच कळतं."

तरी दोघी-तिघी आपापल्या बरण्या जपून छातीशी धरून निघून गेल्या. म्हातारा तिथेच उभा होता.

"म्हणजे माझा आजार आहे तिथेच?"

"हो लेका. आहे तिथेच."

"आणि पोरगी रोज माझ्याजवळ झोपते," तो म्हणाला, आणि दवाखान्याच्या दिशेनं चालायला लागला.