भाई मिठबावकरांचं मत

हरिश्चंद्र मिठबावकरांना सगळं मालवण भाई म्हणायचं. नारळ-सुपारीचा व्यापार, बंदरात स्वतःची गलबतं आणि बासष्ट सालापासून दिल्लीत लोकसभेची जागा. सरकारनं लोकांच्या उद्योगात नाक खुपसू नये, हे त्यांचं ठाम मत. निवडून आले ते मात्र एका जुन्या लढ्याच्या जोरावर. पूर्वी खाडीवरच्या तरीचा, म्हणजे माणसांना पलीकडे नेणाऱ्या होडीचा, ठेका एकाच माणसाकडे असे. दुसऱ्या कुणी उतारूंसाठी होडी घातली की पोलीस यायचे. भाईंनी कचेऱ्या पालथ्या घातल्या आणि तो ठेका मोडून काढला.

पासष्ट साली पेटंटच्या कायद्याचं नवं विधेयक संसदेत आलं. औषधांच्या पेटंटला ते कात्री लावणार होतं. भाई त्यावरच्या समितीत होते. त्यांच्या पक्षाला विधेयक साफ नापसंत होतं, आणि भाईंनाही. सुट्टीत घरी आले ते विरोधात मत द्यायचं नक्की करूनच.

त्यांची धाकटी बहीण लीला डॉक्टर होती, गावात दवाखाना चालवायची. पहिल्याच दिवशी जेवताना तिनं विषय काढला.

"भाई, तू त्या कायद्याच्या इरोधात मत देतलस?"

"देतलंय. डोक्या चालवून कोणी औषद काढल्यान, तर ता तेचा."

"तेचा, मान्य. पण मुंबयच्या एका कारखान्यान विषमज्वराचा औषद येगळ्या रीतीन तयार केल्यान. तरी तेका बंदी. कित्या, तर पेटंट परदेशातल्या कंपनीकडे आसा! विषमज्वराचे पेशंट येतत, आणि माका ता म्हाग औषद लिवन देवचो धीर होणा नाय. घेतले कशे ते?"

"शोधाक खर्च येता, लीला. तो भरून निघाक होयो."

"निघांदे. पण एकाक परवानो आणि बाकीच्यांका पोलीस, ह्या खंयचा स्वातंत्र्य? तरीचो ठेको मोडलंस, तेव्हा तू ह्याच म्हणत होतस मां?"

"खाडी येगळी, बुद्धी येगळी," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून त्यांनी विधेयक पुन्हा वाचलं. औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळणार होतं, औषधाला नाही. म्हणजे शोधणाऱ्याची रीत त्याची राहणार, आणि दुसऱ्याला स्वतःची रीत शोधायला वाट मोकळी. ही तर स्पर्धाच झाली! बहिणीनं हरवल्याचं वाईट वाटण्याऐवजी त्यांना हुरूप आला. आपलं तत्त्व आपल्या पक्षापेक्षा आपल्यालाच नीट कळलंय, असं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात बाजारपेठेतल्या सभेत त्यांनी सांगून टाकलं, की आपण विधेयकाच्या बाजूनं मत देणार. टाळ्या थांबल्यावर हौसाबाई उभी राहिली. मासे विकून एकटी राहणारी म्हातारी. बोलायला कुणाला भ्यायची नाही.

"औषद स्वस्त झाला तरी ता घेवक पैसे खंयसून? म्हाताऱ्यांका पेन्शन देवची म्हणतत. तेका तुझो हात वर जातलो?"

गोलमोल बोलून भाईंना सुटता आलं असतं. ते म्हणाले, "नाय, हौसाबाय. सरकारान घरा चालवक घेतली काय कर वाढतत, धंदे आटतत. मगे पोरांका काम गावणा नाय. धंदे वाढले तर पोरगेच आवशीबापाशीक सांभाळतले."

"माझो पोरगो दर्यात बुडालो. माका कोण सांभाळतलो?"

भाईंनी खाली पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "तुका देवक माझ्याकडे उत्तर नाय. पण मत माझा ताच. खोटा सांगून तुझा मत घेवचंय नाय."

समितीत त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. पक्षाचे पुढारी भडकले, आणि सदुसष्टच्या निवडणुकीत भाईंना तिकीट मिळालं नाही. विधेयक मंजूर व्हायच्या आतच लोकसभा विसर्जित झाली, त्यामुळे तेही तिथंच राहिलं. भाई अपक्ष उभे राहिले आणि पडले. जिंकला तो गुरुदास, समाजवादी विचारांचा तरुण शाळामास्तर. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी भांडेन, असं तो वाडीवाडीत सांगत फिरला होता.

निकालानंतर बाजारात हौसाबाईनं भाईंना हटकलं. "औषदाचा बरा केलंस. पण मत मी गुरुदासाक दिलंय."

"माहीत आसा माका," भाई हसून म्हणाले. "तुझ्या जागी मी असतंय तर मीय तेकाच दिलं असतंय."

दिल्लीला निघण्यापूर्वी गुरुदास भाईंच्या पेढीवर आला. जरा अवघडूनच म्हणाला, "तो पेटंटाचो कायदो परत येतलो म्हणतत. तेतूर माझो अभ्यास नाय. तुमी माका समजावन सांगशात?"

भाईंनी सरकून गादीवर त्याला जागा दिली. "सांगतंय. पण आधी पेन्शनीचे पैसे खंयसून हाडतलस, ता तू माका समजावन सांग."

गुरुदासनं बाह्या सरसावल्या. आवाज इतके चढले की शेजारचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. शेवटी लीला दवाखान्यातून आली आणि दोघांनाही जेवायला घरी घेऊन गेली. पेन्शनवरचा वाद वाटेतही चालूच राहिला; पेटंटचा विषय निघाला तेव्हा पानं वाढून झाली होती.