रंकाळ्यात सोडलेलं पाखरू

शनिवारी सकाळी साडेसहा वाजता कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर, कृष्णातच्या म्हशीपुढं एक पक्षी कोसळला. पाठ काळी, पोट पांढरं, शेपूट दुभंगलेली. रात्रभर कोकणाकडून वादळी वारा होता.

कृष्णात तिथंच धार काढून दूध विकतो. त्यानं पक्ष्याची चोच फाकवून दूध ओतलं. ते नाकावाटे परत आलं. मग गिऱ्हाइकांनी त्याला उडवायला घेतलं. दोनदा वर फेकला, दोनदा तो डांबरावर आपटला.

"आजून उंच टाक की! पाखरू हाय का ईट?"

हशा पिकला. शेजारी मासे विकणारी सलमा उठली. तिनं बांगड्याचा तुकडा पुढं धरला, पण पक्ष्यानं चोच उघडली नाही.

"कृष्णात, दे हिकडं. मरंल ते."

"काकी, पाटीत टाकताय व्हय? मसाला लावून?"

"समुद्राचं पाखरू हाय रं मुडद्या! मालवणला बघितलंय मी. पाण्याबिगर तडफडाय लागलंय."

तिनं पक्षी हिसकावून घेतला, पायऱ्या उतरली आणि त्याला अलगद पाण्यावर ठेवलं. काठावर टाळ्या पडल्या. पक्षी थोडा वेळ तरंगला. मग पिसं भिजून अंगाला चिकटली, मान खाली गेली. सलमा कमरेएवढ्या पाण्यात शिरली. हाताला लागला तेव्हा तो मेला होता.

एका गिऱ्हाइकानं फोन केल्यावर वनखात्याची वर्षाराणी तासाभरानं आली. तिनं सांगितलं, की हा सुरय जातीचा समुद्रपक्षी. मोठे मासे खालून पाठलाग करतात, लहान मासे उसळून वर येतात, तेव्हा हा उडता उडता त्यांना टिपतो. पाण्यावर बसत नाही. याची पिसं पाणी धरतात.

"म्हंजे मीच मारलं?"

वर्षाराणीनं पक्षी हातात घेऊन उलटा केला. पक्ष्याच्या पायात धातूची कडी होती. तिच्यावरचा क्रमांक तिनं फोनवर संशोधकांना कळवला.

सोमवारी उत्तर आलं. अरबी समुद्रातल्या एका निर्जन बेटावर, वाळूतल्या खळग्यात या पक्ष्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं एकच अंडं आहे. एक अंड्यावर बसतो, दुसरा लांब समुद्रात पोट भरून येतो, मग पाळी बदलते. बसलेला भुकेनं उठला, तर खेकडे अंडं फोडतात.

वर्षाराणीनं हे सांगितल्यावर सलमानं एवढंच विचारलं, "आजून बसलंय?"

संशोधकांनी बेटावर लावलेला कॅमेरा रविवारी दुपारी बंद पडला. शेवटच्या छायाचित्रात दुसरा पक्षी अंड्यावर आहे. समुद्र खवळलेला असल्यानं तिकडं होडी गेलेली नाही.